तालुक्याच्या दुकानातलं चीज: क्यूब चालतो, मोझरेला जपून

तालुक्याच्या बाजारात चीज म्हणून मुख्यतः दोनच गोष्टी मिळतात. एक, फॉइलमधले 25 ग्रॅमचे प्रोसेस्ड क्यूब. दुसरा, डीप फ्रीजरमधला किसलेला मोझरेला. आपल्याकडे विदर्भात क्यूबच घ्यावा.

क्यूबमागची युक्तीच उष्ण देशांत माल टिकावा म्हणून निघाली. 1911 मध्ये स्वित्झर्लंडच्या थुन गावात गेर्बर आणि श्टेटलर यांनी चीज सोडियम सिट्रेट घालून वितळवलं. या क्षारामुळे प्रथिनं स्निग्धांश धरून ठेवतात आणि तेल सुटत नाही. उष्णतेनं जिवाणू मरतात आणि चीज पिकणंही थांबतं. म्हणून त्याला ना वास, ना मुरल्याची चव. फ्रेंच माणूस नाक मुरडेल, आपल्याला मात्र तेच बरं वाटतं. आल्प्समध्ये उन्हाळ्यातलं दूध हिवाळ्याला पुरवायचं, म्हणून चीजची मोठाली चाकं थंड तळघरात महिनोन्‌महिने पिकवत. इथे मे महिन्यात पारा 45 च्या घरात. दुधाचं दही, ताक, तूप लवकर उरकावं लागतं. मुरलेल्या चीजचा वास आला की आपण सरळ म्हणतो, नासलं!

पिवळ्या रंगावर भुलू नका. म्हशीच्या दुधात कॅरोटीन हे पिवळं रंगद्रव्य जवळपास नसतंच. म्हैस नागपुरी काय, पूर्णाथडी काय, लोणी पांढरंच. क्यूबचा पिवळेपणा बहुधा शेंद्रीच्या बियांचा.

ज्वारीची भाकर तव्यावरून उतरली की पापुद्रा सोडवून आत एक क्यूब किसून पसरा आणि मिनिटभर झाकून ठेवा, छान वितळतो. झुणक्यात घालायचा तर मीठ निम्मं करा, क्यूब खारट असतो. तर्रीत मात्र नको. दुधाचं प्रथिन आणि स्निग्धांश तिखट मारतात, मग तर्री कशाला म्हणायची?

मोझरेलाची खरी परीक्षा दुकानाच्या फ्रीजरमध्ये होते. पाकीट हलवून पाहा: कीस सुटा खुळखुळला तर ठीक. गोळा झाला असेल किंवा आत बर्फ दिसत असेल, तर लाइट गेल्यावर तो एकदा वितळून पुन्हा गोठलेला असण्याची शक्यता मोठी. तसा माल पाणी सोडतो, भुसभुशीत होतो आणि तार नीट धरत नाही. चांगला मिळाला तर लागेल तेवढाच काढा, रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, परत गोठवू नका. क्यूब फ्रीजरमध्ये ठेवूच नका, कापताना चुरा होतो.

घटकांच्या यादीत वनस्पती तेल दिसलं तर ते चीज नव्हे, नक्कल आहे. हिरवा ठिपकाही बघा: युरोपातली कित्येक जुनी चीजं वासराच्या जठरातल्या रेनेटनं, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या द्रव्यानं, विरजतात, हिरव्या ठिपक्याच्या चीजमध्ये ते चालत नाही.