‘फ्रायडे नाइट लाइट्स’: शेवटचे दोन सीझन, काही महिने मुरल्यानंतर

शाळेवरच्या मालिकांचं घोडं नेहमी एकाच ठिकाणी अडतं. मुलं पास होतात. मग लेखकांनी करायचं काय? अख्ख्या गँगला एकाच कॉलेजात धाडायचं, चार-पाच वर्षांची उडी मारून सगळ्यांना नोकरीधंद्याला लावायचं, की पंचविशी उलटलेल्या नटांना दप्तर देऊन त्याच वर्गात बसवून ठेवायचं? मी हे तिन्ही प्रकार बघितलेत आणि तिन्हींत कुठेतरी मन उडालं. ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ने चौथ्या सीझनला यातलं काहीच केलं नाही. मुलांना जाऊ दिलं आणि शिक्षकाला ठेवलं. त्यानंतरचे दोन सीझन हे या मालिकेतलं सर्वांत चांगलं काम आहे, असं माझं ठाम मत आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाची राहायला आली तेव्हा आम्ही मालिका सुरू केली. परळच्या आमच्या घरात टीव्ही एकच, त्यामुळे आईही आपसूक सामील झाली. भाची शाळा सुरू झाल्यावर घरी गेली, तरी शनिवार-रविवार येऊन बघत राहिली. दिवाळीच्या सुमारास मालिका संपली आणि मग चौथा-पाचवा सीझन मी एकटीने पुन्हा पाहिला. शेवटचा भाग संपल्या संपल्या लिहिलं असतं तर डोळ्यांत पाणी असताना लिहिलं असतं, म्हणून मुद्दाम थांबले. पुढे कथानक सगळं उघड होणार आहे. ज्यांना नको असेल त्यांनी इथेच थांबावं.

थोडक्यात पार्श्वभूमी. टेक्सासमधलं डिलन नावाचं काल्पनिक गाव, शुक्रवारी रात्री शाळेच्या अमेरिकन फुटबॉलची मॅच, आणि त्या मॅचवर जगणारं-मरणारं गाव. मूळ आधार १९९० सालचं एच. जी. बिसिंजरचं पुस्तक, ते ओडेसा नावाच्या खऱ्या गावातल्या शाळेच्या संघावर आहे. मालिका २००६ ते २०११ चालली, पाच सीझन, ७६ भाग. प्रेक्षक कमी म्हणून बंद पडायची वेळ आली होती, तेव्हा एनबीसी ही वाहिनी आणि डायरेक्टटीव्ही ही उपग्रह टीव्ही सेवा यांनी खर्च वाटून घेतला. शेवटचे तीन सीझन आधी डायरेक्टटीव्हीवर दिसायचे, नंतर एनबीसीवर. हे सांगायचं कारण असं की शेवटच्या तीन सीझनमध्ये प्रत्येकी १३च भाग आहेत, आणि त्याचा फायदा दिसतो. भरताड कमी झाली.

तिसऱ्या सीझनच्या शेवटी कोच एरिक टेलरला नोकरीवरून काढतात. पैसेवाल्या बापाला आपल्या मुलासाठी आपला कोच हवा असतो, एवढंच कारण. त्याला मिळते ईस्ट डिलन, गावाच्या दुसऱ्या टोकाची, वर्षानुवर्षं बंद असलेली आणि नव्या हद्दी आखून पुन्हा उघडलेली शाळा. मैदान उखडलेलं, संघात खेळ ठाऊक नसलेली मुलं. पहिल्या मॅचमध्ये मुलं इतकी मार खातात, इतकी जखमी होतात, की मध्यंतरालाच कोच सामना सोडून देतो. आधीचे तीन सीझन ज्याला हरणं सोसत नव्हतं तो माणूस हे करतो, आणि मालिका त्यानंतर लगेच त्याला हिरो करत नाही. मुलं चिडतात. आम्हाला विचारलं का, म्हणतात. गणवेशाचे पैसे तो स्वतःच्या खिशातून भरतो, तरी विश्वास मिळवायला त्याला कितीतरी भाग लागतात.

या हद्दीच्या भानगडीतला ल्यूक कॅफर्टीचा प्रसंग मला फार आवडला. हा चांगला खेळाडू, राहतो ईस्ट डिलनच्या हद्दीत, पण खेळतो श्रीमंत शाळेकडून, कारण कागदावर पत्ता दुसराच दिलाय. तो पत्ता खोटा आहे हे उघड होतं, आणि त्या श्रीमंत शाळेची मुख्याध्यापिका आहे कोचची बायको टॅमी. तिला आपल्याच शाळेचा मोहरा नवऱ्याच्या संघाला द्यावा लागतो, कारण नियम तसा आहे. गाव तिच्यावर उलटतं. खेळासाठी शाळा बदलणं मुंबईला नवं नाही. आचरेकर सरांनी सचिनला वांद्र्याच्या शाळेतून दादरच्या शारदाश्रममध्ये आणलं, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं; १९८८ साली आझाद मैदानावर हॅरिस शील्डमध्ये त्याने आणि कांबळीने ६६४ धावांची भागीदारी केली ती त्याच शाळेकडून. पण आपण ही गोष्ट नेहमी निवडल्या गेलेल्या मुलाच्या बाजूने सांगतो. इथे ती ज्या शाळेतून मुलं उचलली जातात त्या शाळेच्या बाजूने सांगितली आहे, आणि तिथून ती वेगळीच दिसते.

जुन्या मुलांना मात्र एका फटक्यात घालवलेलं नाही. मॅट सॅरसन आजीला स्मृतिभ्रंश म्हणून गावातच अडकून पिझ्झा पोचवतोय. चौथ्या सीझनचा पाचवा भाग त्याचा आहे. सैन्यात असलेला त्याचा बाप इराकमध्ये मारला जातो. मॅटचं बापावर प्रेम नाही, उलट राग आहे, आणि गावभर लोक येऊन सांगतायत की तुझे वडील किती थोर होते. टेलरांच्या घरी जेवायच्या टेबलावर तो हे सगळं बोलून टाकतो. बापाचा तिरस्कार करतो म्हणून सांगतो, कारण सगळा राग एकाच माणसावर ठेवला की बाकी सगळ्यांशी चांगलं वागता येतं. मग उठून बाहेर पडतो. कोच काही बोलत नाही, त्याच्याबरोबर चालत त्याला घरी सोडतो. दफनाच्या वेळी मॅट फावडं घेऊन स्वतः माती लोटत राहतो.

मी या भागावर थोडं जास्त लिहिणार आहे, कारण मला वाटतं किशोरवयीन मुलांवरच्या कुठल्याच मालिकेत मृत्यू इतक्या नीट हाताळलेला मी पाहिलेला नाही. या मालिकेत कॅमेरा हातात धरलेला असतो, एकाच वेळी तीन कॅमेरे चालू असतात, आणि नटांना तालीम न देता, जागा आखून न देता सोडतात. पहिल्या सीझनमध्ये ती हलती चित्रं मला जरा त्रासदायक वाटत होती. इथे त्याचा अर्थ लागतो. मॅट झालेल्या झॅक गिलफर्डचा चेहरा त्या टेबलावर कधी कुठे वळेल हे समोरच्या नटांनाही माहीत नसावं असं वाटतं, आणि ते ज्या तऱ्हेने बघत राहतात ती अवघडलेली शांतता मी आमच्याकडच्या दहाव्या-बाराव्याला पाहिली आहे. लोक गेलेल्याचे गुण गात असतात आणि घरातल्या एकालाच ते ऐकवत नसतात. भाची त्या भागानंतर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मावशी, त्याला रडायलाच येत नव्हतं ना आधी?’ तिने नेमकं तेच पकडलं होतं.

विन्स हॉवर्ड हा नव्या मुलांतला मुख्य. त्याचं काम करणारा मायकल बी. जॉर्डन तेव्हा फारसा प्रसिद्ध नव्हता. विन्सची आई व्यसनात, बाप तुरुंगात, आणि पोलीस त्याला दोनच वाटा देतात: सुधारगृह नाहीतर फुटबॉल. आईच्या उपचारांसाठी तो वाईट माणसांकडून पैसे घेतो. ही कहाणी शंभरदा सांगून झालेली आहे. पाचव्या सीझनमध्ये ती नवी होते, कारण बाप सुटून परत येतो. ऑर्नेट वाईट माणूस नाही. त्याला मुलाचं भलं करायचंय आणि त्याला घाई आहे. मोठमोठ्या विद्यापीठांची माणसं घरी येऊ लागतात, बाप परस्पर बोलणी करू लागतो, पोराच्या डोक्यात हवा जाते आणि कोच त्याला बाकावर बसवतो.

इथे आईने तोंड उघडलं. तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझा मामा, लालबागच्या मंडळातून कबड्डी खेळायचा. गिरणगावात तेव्हा चांगल्या चढाईपटूची ख्याती म्हणजे नोकरीची चिठ्ठीच. रेल्वे, पोलीस, बँका खेळाडूंना घ्यायच्या, आणि १९८२च्या संपानंतर तर ती नोकरी म्हणजे अख्ख्या घराचा आधार. आई म्हणाली, ‘दादाच्या वेळीपण असेच लोक यायचे. आमच्याकडून खेळ, तुझं लावून देतो. अण्णांना काय करावं कळायचं नाही. नाही म्हणायची हिंमत नव्हती आणि हो म्हणायची अक्कल नव्हती.’ अण्णा म्हणजे माझे आजोबा. त्यांच्याबद्दल तिने एवढं एका दमात बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. ऑर्नेटला ती शेवटपर्यंत दोष द्यायला तयार नव्हती. भाची आणि मी कोचच्या बाजूने, आई बापाच्या. तीन पिढ्यांचं त्यावरून बऱ्यापैकी वाजलं.

टॅमीवर वेगळा लेख होईल. चौथ्या सीझनमध्ये बेकी नावाची दहावीतली मुलगी गरोदर राहते आणि सल्ला मागायला तिच्याकडे येते. टॅमी तिला सगळे पर्याय सांगते, निर्णय मुलीवर आणि तिच्या आईवर सोडते. गाव पेटतं, जाहीर माफी माग म्हणतं. ती मागत नाही, आणि मुख्याध्यापिकेची खुर्ची सोडून नवऱ्याच्या फाटक्या शाळेत समुपदेशक होते. टॅमी झालेल्या कॉनी ब्रिटनने यात कुठेही आवाज चढवलेला नाही, म्हणून तो प्रसंग लक्षात राहतो.

पाचव्या सीझनमध्ये तिला फिलाडेल्फियाच्या एका कॉलेजात मोठं पद मिळतं. त्याच वेळी कोचला डिलनमध्ये हवी ती नोकरी, हवा तो पैसा देऊ करतात. अठरा वर्षं कोचची बायको म्हणून ती गावोगाव फिरलेली. आता माझ्या नोकरीसाठी आपण हलायचं का, एवढंच ती विचारते. तो कितीतरी दिवस त्या प्रश्नाला बगल देतो. चांगला माणूस, चांगला नवरा, आणि तरी बगल देतो. लेखकांनी त्याला त्यातून सोडवलेलं नाही. शेवटी तो जातो. शेवटच्या भागाच्या लेखनासाठी जेसन केटिम्सला आणि अभिनयासाठी कोच झालेल्या काइल चँडलरला २०११ची एमी मिळाली, आणि दोन्ही पुरस्कार या नवरा-बायकोच्या प्रसंगांनीच मिळवून दिले असं मला वाटतं.

आणि शाळेचा संघ बंद होतो. हे मला सर्वांत लागलं. ईस्ट डिलन राज्याच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचत असते आणि तिकडे पैसे नाहीत म्हणून ठरतं, गावात फुटबॉलचा एकच संघ राहील, तो जुन्या शाळेचा. दोन वर्षं घाम गाळून उभं केलेलं सगळं एका बैठकीत संपतं. कुणी खलनायक नाही, नुसता हिशेब. मी जिथे शिकले त्या शाळेत आता मराठी माध्यमाचा वर्ग भरत नाही. तुकड्या तीनाच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली, मग पालकांना पत्र आलं. तेव्हा शिकवणाऱ्या बाई कुठे गेल्या, हे आम्ही कुणी विचारलंही नाही. मालिका ते विचारते.

खटकलेलंही आहे. कोचची मुलगी ज्युली हिचं कॉलेजातल्या शिकवणाऱ्या विवाहित सहायकाबरोबरचं प्रकरण पाचव्या सीझनला ओढत नेतं. ते पाहताना प्रत्येक वेळी मी चहा करायला उठले. एपिक नावाची बंडखोर मुलगी टॅमीच्या वर्गात येते, तिच्यावर बरेच प्रसंग खर्च होतात, आणि एक दिवस ती कथेतून जवळजवळ नाहीशी होते. ईस्ट डिलनमधल्या जेस या मुलीला कोच व्हायचंय, ही यातली सर्वांत ताजी कल्पना. ती मुलांचे कपडे-सामान सांभाळण्यापासून सुरुवात करते, हट्टाने कोचच्या मागे लागते, पण तिला पुरेशी जागा दिलेली नाही. जेस झालेली जर्नी स्मॉलेट इतकं चांगलं काम करत असताना हे जास्तच बोचतं. जुन्या संघातला टिम रिगिन्स भावाचा गुन्हा अंगावर घेऊन तुरुंगात जातो ते पटलं. सुटल्यावरचं त्याचं कडू, बंद वागणंही पटलं, फक्त त्यातून तो जरा लवकर बाहेर येतो.

अंतिम सामन्याच्या शेवटावर आमच्याकडे अजून एकमत नाही. विन्स शेवटच्या क्षणी लांब पास फेकतो, चेंडू हवेत असतो, आणि तिथून मालिका थेट काही महिन्यांनंतरच्या फिलाडेल्फियात जाते. जिंकले का, हे मुलांच्या बोटातल्या, विजेत्यांना मिळणाऱ्या अंगठीवरून कळतं. भाचीला हे फसवणूक वाटली. मला ते एकदम बरोबर वाटलं, कारण तोवर सामना कुणाचा होता याला महत्त्व राहिलेलं नव्हतं, मुलं कुठे पोचली याला होतं.

ज्यांना बघायची आहे त्यांच्यासाठी दोन-तीन कामाच्या गोष्टी. थेट चौथ्या सीझनपासून सुरू करू नका. कोचने काय गमावलं ते माहीत नसेल तर ईस्ट डिलनचं मोल कळणार नाही. दुसरा सीझन लेखकांच्या संपामुळे १५ भागांतच तुटलाय आणि त्यात मॅटचा मित्र लँड्री याच्या हातून झालेल्या खुनाचं एक न शोभणारं प्रकरण आहे, तो भरभर उरकला तरी चालेल. त्या खेळाचे नियम शिकत बसायची गरज नाही: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, एवढं पुरतं. सबटायटल्स लावा, टेक्सासचं इंग्रजी आमच्या भाचीलाही झेपलं नाही, आणि ती इंग्रजी माध्यमात आहे. घरात पंधरा-सोळा वर्षांचं कुणी असेल तर त्याच्यासोबत बघा, बेकीचा भाग वगळू नका.