इन्फ्रारेड सॉना, आठ महिन्यांनंतर: शेक म्हणून पैकीच्या पैकी, बाकीचं सोडा

भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने खुणा करायची माझी जुनी खोड आहे. सिलिंडर लावला की फुली, इंजेक्शन घेतलं की गोल, आणि गेल्या नोव्हेंबरपासून सॉनात, म्हणजे बसून घाम काढायच्या तापत्या लाकडी डब्यात, बसले की टिंब. काल पानं उलटून मोजली, ११४ टिंबं झाली. हिवाळा, नाशिकचा उन्हाळा आणि अर्धा पावसाळा असे तिन्ही ऋतू त्यात आले, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

आधी मी हे खूळ का घेतलं ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं हौसेचं वाटेल. मला अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे, म्हणजे मणक्यांना सूज येऊन पाठ ताठरण्याचा आजार. कंबर एकतिसाव्या वर्षापासून धरायची, निदान व्हायला अडतिसावं उजाडलं. बायकांमध्ये हा आजार बऱ्याचदा उशिरा ओळखला जातो, तोवर 'बाळंतपणानंतर व्यवस्थित शेकलं नसेल' हे ऐकून घ्यायचं. या दुखण्याची रीत उलटी आहे. आराम केला की वाढतं, हालचाल केली की सुटतं. त्यामुळे सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. कूस बदलायची तर आधी गादीची कड हाताने धरायची, मग गुडघे, मग बाकीची मी. पायमोजे घालायला नवऱ्याला हाक मारावी लागायची आणि बँकेत काउंटरवर बसेपर्यंत पाठीचा वासा झालेला असायचा.

उष्णतेने बरं वाटतं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. गरम पाण्याची पिशवी, मिठाची पुरचुंडी, निर्गुडीच्या पाल्याचा शेक, फिजिओथेरपीवाल्यांचा तो लाल दिवा, सगळं करून झालं होतं. अडचण एवढीच की पिशवी ठेवाल तिथेच शेकते, आणि माझं दुखणं माकडहाडापासून मानेपर्यंत एका रेषेत. पाठ भाजावी तशी एकदम सगळी शेकणारं काहीतरी हवं होतं.

घेतला तो एकाच माणसाचा डबा. हेमलॉकचं लाकूड, समोर काचेचं दार, आत कार्बनचे सात पॅनेल, दीड किलोवॅट. फिटिंग धरून एक लाख बहात्तर हजार. सासूबाईंनी आकडा ऐकला आणि म्हणाल्या, "एवढ्या पैशात जन्मभर बाजेखाली शेगडी ठेवली असती की गं." त्या चेष्टा करत होत्या, पण अजाणता बरोबर बोलल्या. बाळंतिणीच्या बाजेखालच्या निखाऱ्यांतून जी ऊब येते ती इन्फ्रारेडच. फिनलंडच्या सॉनात आधी दगड तापतात, मग हवा ८० ते १०० अंशांपर्यंत जाते, आणि ती हवा तुम्हाला तापवते. इथे पॅनेल थेट अंगावर ऊब टाकतात, हवा ४५ ते ६० अंशांतच राहते. शेकोटीपुढे बसल्यावर तोंड भाजतं आणि पाठ गार पडते ना, तीच शेकोटी चारी बाजूंनी लावल्यासारखी. श्वास कोंडत नाही, हा मला मोठाच फरक वाटला. जिममधल्या वाफेच्या खोलीत मी तीन मिनिटांत बाहेर पळाले होते.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं काहीच झालं नाही. मी मनात पावणेदोन लाख मोजत बसले. लाकूड तापताना टक्, टक् असा बारीक आवाज करतं, नव्या पाटासारखा वास येतो, एवढंच. मग बाराव्या-तेराव्या मिनिटाला कोपराच्या खळगीत एक थेंब जमला, थोडा थांबला आणि ओघळून पंचावर पडला. त्यानंतर नळ सोडल्यासारखा घाम. पंचविसाव्या मिनिटाला बाहेर आले, खाली वाकले, आणि बोटं घोट्याच्याही खाली गेली. बऱ्याच वर्षांनी गेली होती. नवऱ्याला बोलवून परत करून दाखवलं.

आता खरा हिशेब. सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो हे मी डॉक्टरांसाठी आधीपासूनच लिहून ठेवते. ऑक्टोबरात तो तास-दीड तास होता. सकाळी सहाला सॉना घेतल्यावर बहुतेक दिवशी अर्ध्या-पाऊण तासावर आला. संध्याकाळी घेतला तर झोप चांगली लागते, पण सकाळचा ताठरपणा जेमतेम थोडासाच कमी. म्हणजे असर काही तासांचाच, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटी कोरी. नेदरलँड्समध्ये २००९ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला होता: संधिवाताचे १७ आणि माझ्या आजाराचे १७ रुग्ण, चार आठवड्यांत आठ वेळा इन्फ्रारेड सॉना. बसलेले असताना दुखणं आणि ताठरपणा चांगला उतरला, आजार बळावला नाही, पण चार आठवड्यांनंतरचा फायदा आकडेवारीत ठसठशीत दिसला नाही. माझ्या दिनदर्शिकेतही तेच आहे.

फेब्रुवारीत पोटरीमागचा पॅनेल बंद पडला आणि त्याबरोबर सगळा डबाच बंद झाला. कंपनीचं नाव घेत नाही. तीन आठवडे रोज 'माणूस निघालाय' एवढंच. शेवटी आलेल्या मुलाने दहा मिनिटांत एक सैल जोडणी घट्ट केली आणि चहा पिऊन गेला. पण त्या तीन आठवड्यांनी न मागता परीक्षा घेऊन टाकली. चौथ्या-पाचव्या दिवसापासून सकाळ पुन्हा तासावर गेली. इंजेक्शन वेळेवर चालू होतं, थंडीही ओसरत आली होती, तरीसुद्धा. त्याआधी मला शंका होती की पैसे घातलेत म्हणून बरं वाटतंय. ती त्या महिन्यात बरीचशी फिटली.

औषध मी एका दिवसानेही कमी केलेलं नाही. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं की शेक हवा तेवढा घ्या, पण शेकाने मणक्यांची सूज थांबत नाही. ओळखीच्या एका बाईंनी माझं ऐकून स्वतःच्या गोळ्या सोडायचा विचार बोलून दाखवला, म्हणून हे ठळक लिहिते आहे.

आणि आता ते पत्रक, जे डब्याबरोबर आलं होतं. मी ते जपून ठेवलंय, करमणूक म्हणून. त्यात लिहिलंय की किरणं शरीरात दीड इंच आत जातात. पॅनेलमधून येणारी लांब तरंगलांबीची इन्फ्रारेड किरणं कातडीतलं पाणी वरच्या वरच, मिलिमीटरच्या आतच शोषून घेतं. आतवर ऊब पोहोचते ती रक्त फिरवतं म्हणून. दुसरं, 'विषद्रव्यं बाहेर'. घाम म्हणजे बव्हंशी पाणी आणि मीठ. गाळणीचं काम यकृत आणि मूत्रपिंड करतात, तो त्यांचा धंदा. तिसरं, वजन. मी काट्यावर उभी राहून पाहिलं: बसण्याआधी आणि नंतर चारशे ग्रॅमचा फरक. दोन पेले ताक आणि तांब्याभर पाणी प्यायले, चारशे ग्रॅम घरी परत.

सगळ्यात हुशारी केली आहे ती हृदयाच्या बाबतीत. पत्रकात फिनलंडच्या अभ्यासाचा दाखला आहे. तो अभ्यास खरा आहे. पूर्व फिनलंडमधले २,३१५ मध्यमवयीन पुरुष, वीस वर्षांचा पाठपुरावा, २०१५ साली प्रसिद्ध. आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण एकदाच घेणाऱ्यांपेक्षा बरंच कमी दिसलं. पण ते सगळे दगडांच्या, ८० अंशांच्या आसपासच्या सॉनात बसत होते, या डब्यात नव्हे. शिवाय आठवड्यातून पाचदा सॉनात जाणारा माणूस मुळातच धडधाकट असू शकतो. इन्फ्रारेडचं हृदयावरचं काम झालंय ते जपानात, कागोशिमाला. त्याला ते 'वाओन' म्हणतात. ६० अंशांत पंधरा मिनिटं, मग अर्धा तास पांघरुणात गुंडाळून झोपवायचं. पण ते हृदय कमजोर झालेल्या रुग्णांवर, दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली. घरच्या डब्यावर त्याचं लेबल लावता येत नाही.

त्यातली पांघरुणाची गोष्ट मात्र मी उचलली. बाहेर येऊन अंग पुसायचं आणि आईच्या हातच्या गोधडीत वीस मिनिटं पडायचं. माझं मत विचाराल तर निम्मा गुण त्या गोधडीचा आहे. पाठीचे एकेक मणके गादीला टेकत जातात ते कळतं. फोन आत नेता येत नाही, तापतो, आणि बाहेर आल्यावर उचलावासा वाटत नाही. दिवसातली ही पाऊण-एक तासाची शांतता पत्रकात कुठेच लिहिलेली नाही.

एकदा मात्र चूक केली. जानेवारीतली संकष्टी. चंद्रोदयाला उशीर होता, पोटात सकाळची साबुदाण्याची खिचडी सोडून काही नव्हतं, आणि मी म्हटलं तेवढ्यात बसून घेऊ. दार उघडून उभी राहिले आणि डोळ्यांपुढे काळोख. चौकट धरली म्हणून पडले नाही. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो, त्यात पोटात अन्न-पाणी नाही. तेव्हापासून उपासाला डबा बंद. इतर दिवशीही शेवटची दोन मिनिटं दार किलकिलं ठेवून बसते, मग सावकाश उठते. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, हृदयाचं काही असेल, दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. विक्रेता प्रत्येकाला 'चालेल' म्हणतो. दारू पिऊन आत बसायचं नाही हे सांगावं लागू नये, पण नवऱ्याच्या मित्राला सांगावं लागलं.

गंमत म्हणजे आपल्याकडे हे सगळं जुनंच आहे. चरकसंहितेत स्वेदनाचा एक अख्खा अध्याय आहे. त्यात अग्नीचा थेट वापर न करता घाम आणण्याचे दहा प्रकार सांगितलेत. उबदार घरात बसणं आणि जाड पांघरूण घेणं हे दोन्ही त्यात आहेत, म्हणजे माझा डबा आणि गोधडी. त्याच यादीत भय आणि क्रोधही आहेत. सर्व्हिस सेंटरला फोन लावण्याचा समावेश मी त्यातच करते.

वापरातल्या बारीकसारीक गोष्टी. पाटीवर दिसणारं तापमान छताजवळच्या सेन्सरचं असतं. तिथे ५८ असताना मी साध्या डिजिटल तापमापकाने मोजलं, तर बाकाच्या पातळीला ४७ आणि पायाशी ३९ भरलं. त्यामुळे पाय पाटावर उचलून घेऊन बसते. गीझरच्या प्लगवर चालेल असं विक्रेता म्हणाला होता. इलेक्ट्रिशियनने ऐकलं नाही, वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी टाकला, आणि मला तो शहाणा वाटतो. वीस मिनिटं तापवणं आणि पंचवीस मिनिटं बसणं मिळून सव्वा युनिटाच्या आत काम होतं. थंडीत महिन्याला बावीस-तेवीसदा बसले, बिल तीनशेच्या आतबाहेर वाढलं. त्याचं दुःख नाही.

डिसेंबर-जानेवारीत, निफाडला पारा पाच-सहावर आल्याच्या बातम्या येतात तेव्हा, हा डबा सोन्याचा वाटतो. एप्रिल-मेमध्ये मात्र बाहेर चाळीस अंश असताना स्वतःला पैसे देऊन भाजून घेणं हा वेडेपणा वाटायला लागला. आठवड्यातून दोनदा, तेही पहाटे, एवढ्यावर आले. ताठरपणाही उन्हाळ्यात तसा कमीच असतो. पावसाळ्यात पुन्हा गरज वाढली, पण कटकटही वाढली. जूनच्या अखेरीला बाकाखाली पांढरी बुरशी दिसली. आता बसून झालं की रिकामा डबा दहा मिनिटं चालू ठेवते, दार उघडं टाकते, आणि आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसून काढते. पंचे वाळत नाहीत हा वेगळाच प्रश्न. एका वेळेला दोन लागतात, आणि दांडीवर आधीच सगळ्यांचे कपडे लोंबत असतात.

कुणी घ्यावा? माझ्यासारखा रोजचा ताठरपणा असेल, जागा असेल, आणि हा पैसा घरखर्चातून कापला जाणार नसेल, तर घ्या. नुसती कंबर अधूनमधून धरत असेल तर दीड-दोन हजारांचा लाल दिवा आणि घरची गोधडी यांनी सुरुवात करा, कदाचित तिथेच भागेल. वजनासाठी, त्वचेसाठी, 'डिटॉक्स'साठी घेत असाल तर घेऊ नका.

सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या आहेत, रक्तदाबाच्या गोळ्या घेतात, म्हणून त्यांना आत बसायला बंदी आहे. परवा पाऊस लागला होता, गुडघे कुरकुरत होते. मी बाहेर पडल्यावर त्यांनी उघड्या दाराशी स्टूल ओढलं, दोन्ही पाय आत सोडले आणि म्हणाल्या, "बटण बंद कर, पण दार राहू दे. राहिलेली ऊब कशाला वाया घालवायची?"