सतरा लाखांचं लिंकिंग

मानवतला माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाण्याची पिशवी गोदामात घेण्याआधी मी लॉट नंबर पाहतो, उगवण चाचणीची तारीख पाहतो, मुदत पाहतो. औषधाच्या बाटलीवरची तारीख पुसट दिसली तर अख्खं खोकं परत पाठवतो. अशा माणसानं २०२५ च्या गुढीपाडव्याला सतरा लाखांची गाडी घेतली आणि ती बनली कधी, हे एकदाही विचारलं नाही. आमच्याकडं दसऱ्या-पाडव्याच्या मुहूर्तावर गाडी घेणारे पुष्कळ आहेत, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

घरची जुनी जीप थकली होती. वडिलांना, म्हणजे अप्पांना, उंच गाडी पाहिजे होती, कारण पावसाळ्यात शेताकडची काळी माती लहान गाडीला हलू देत नाही. पोरीला सनरूफ पाहिजे होतं. परभणीच्या मे महिन्यात डोक्यावर काच घेऊन ती काय बघणार होती, देव जाणे. मला डिझेल पाहिजे होतं. फेब्रुवारीत एके सकाळी मानवत रोडहून रेल्वेत बसलो आणि संभाजीनगर गाठलं. कंपनीचं, शोरूमचं नाव लिहीत नाही. तक्रार चालू आहे, आणि नावापेक्षा रीत कळली पाहिजे.

सेल्समन पंचविशीतला पोरगा. मानवत म्हटल्याबरोबर म्हणाला, "साहेब, मी परतूरचा. आपलाच माणूस समजा." झालं! आपल्याकडं शेजारच्या गावाचं नाव निघालं की अर्धा व्यवहार तिथंच होतो. चहा आला, अप्पांच्या गुडघ्यांची चौकशी झाली, आणि चाळीस हजारांची सूट जाहीर झाली. मी ताणून पंचेचाळीस केली. "बाहेर कुणाला सांगू नका, बाकीचे गिऱ्हाईक भांडायलेत माझ्याशी," असं तो हळू आवाजात म्हणाला. मी खूष. घासाघीस जिंकल्यावर माणूस पुढचा कागद वाचत नाही, हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

त्या कोटेशनचा कागद अजून माझ्याकडं आहे. एक्स-शोरूम, म्हणजे आरटीओ-विमा सोडून गाडीची किंमत, १४,२०,०००. आरटीओचा कर १,९८,८००. हा आकडा बरोबर आहे; दहा ते वीस लाखांच्या डिझेल गाडीला आपल्या राज्यात १४ टक्के लागतात. टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं आगाऊ कापलेला आयकर, १४,२००. दहा लाखांच्या वरच्या गाडीवर हा १ टक्का कापला जातो, पण तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना हिशोबात धरता येतो. आमच्या तालुक्यात कितीतरी जण तो तसाच सोडून देतात. इथपर्यंत सगळं सरळ. विमा ८२,०००. हँडलिंग चार्जेस ९,५००. इसेन्शियल किट ३८,०००. वजा सूट ४५,०००. एकूण १७,१७,५००.

विम्याचं आधी सांगतो. थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, भाग कुठंही घ्या, तेवढाच असतो. दीड हजार सीसीच्या वरच्या नव्या कारला तीन वर्षांचे २४,५९६ रुपये अधिक जीएसटी, हा दर सरकारनं ठरवलेला. फरक पडतो तो उरलेल्या भागात. मानवतच्या माझ्या ओळखीच्या एजंटानं गाडीची तीच विमा रक्कम, तेच झिरो डेप (म्हणजे भरपाईत सुट्या भागांची झीज कापत नाहीत ते), सगळं धरून ६१ हजार सांगितले होते. शोरूममध्ये हे बोललो तर पोरगा गंभीर झाला. "बाहेरचा विमा घेतला तर कॅशलेस होणार नाही, साहेब. आणि सूट आमच्या विम्यावरच आहे." कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनीनं परस्पर भरणं, हे विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातल्या करारावर असतं, पॉलिसी कुणाच्या टेबलावर फाडली यावर नाही. आणि आमच्याकडूनच विमा घ्या अशी सक्ती विक्रेत्याला करता येत नाही, हे विमा नियामकानं २०१७ मध्येच नियमावलीत घातलंय. मला हे नंतर कळलं. तेव्हा मी मान हलवली.

हँडलिंग म्हणजे काय, हे विचारलं होतं. यार्डातून गाडी आणायची, धुवायची, कागद करायचे. हे काम करायलाच तर कंपनी त्यांना कमिशन देते! सरकारी कराच्या यादीत ह्या नावाचं काही नाही.

आणि किट. मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप, बॉडी कव्हर, टेफ्लॉन कोटिंग, दोन परफ्यूमच्या बाटल्या. "हे नको, मी परभणीत घेईन," म्हटलं तर उत्तर आलं, "किटशिवाय गाडीचं बुकिंगच सिस्टिममध्ये पडत नाही." खताच्या धंद्यातल्या माणसाला यापुढं काही सांगावं लागत नाही. ह्याला लिंकिंग म्हणतात. युरिया पाहिजे? मग सोबत हे न खपणारं विद्राव्य खत उचला. वरून आमच्या गळ्यात पडतं, आम्ही ते शेतकऱ्याच्या गळ्यात घालतो. खोटं कशाला बोलू, मीही घातलंय. म्हणून तर सगळ्यात आधी मला ते ओळखू यायला पाहिजे होतं. पण टेबलाच्या त्या बाजूला मी कधी बसलोच नव्हतो.

हिशोब घरी आल्यावर, तोही तीन महिन्यांनी केला. विम्यात २१ हजार जादा, हँडलिंगचे साडेनऊ, परभणीच्या बाजारात सतरा हजारांत मिळणाऱ्या किटवर आणखी २१. झाले ५१,५००. सूट पंचेचाळीसची होती.

आता मॉडेल निवडताना काय केलं ते ऐका, कारण पैशापेक्षा ते जास्त सलतं. आम्ही पाहिलेल्या मॉडेलच्या वरचं मॉडेल १ लाख ३५ हजारांनी महाग होतं. त्यात दोनऐवजी सहा एअरबॅग, गाडी घसरू नये म्हणून ईएससी, मागचा कॅमेरा, क्रूझ कंट्रोल, अलॉय व्हील. माझं मन तिकडं झुकत होतं. पोरगा म्हणाला, "कशाला एवढे घालता? स्क्रीन, कॅमेरा, अलॉय मी इथंच बसवून देतो. साठ-बासष्ट हजारांत टॉप मॉडेल दिसेल." दिसेल, हा शब्द त्यानं बरोबर वापरला होता. कॅमेरा, मॅट, स्क्रीन आज ना उद्या बाजारात बसवून मिळतात. एअरबॅग आणि ईएससी कुठल्याच दुकानात बसवून मिळत नाहीत. ते कारखान्यातूनच आले तर आले. मी नेमकं उलटं केलं. जे नंतर घेता आलं असतं ते आधी घेतलं, आणि जे पुन्हा कधीच घेता येणार नाही ते सोडलं. बासष्ट हजार रोख दिले. पावती म्हणून एका कोऱ्या चिठ्ठीवर आकडा आणि सही.

त्याच बासष्ट हजारांत पुढं लोखंडी गार्डही होता, अप्पांच्या हट्टापायी, रानडुकरं आडवी येतात म्हणून. गाडीला असा गार्ड लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध आहे, असं केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलंय. समोरून धडक बसली तर एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत ती नीट पोचत नाही. म्हणजे होत्या त्या दोन एअरबॅगचाही भरवसा मी पैसे देऊन घालवला. शोरूमनं हे सांगितलं नाही. परभणीच्या ट्रॅफिक हवालदारानं पावती फाडताना सांगितलं.

एक गोष्ट मात्र धड झाली. कर्ज आमच्या मानवतच्या बँकेतून घेतलं. शोरूमवाले "फक्त ७ टक्के" म्हणत होते. ते फ्लॅट निघालं, म्हणजे हप्ते फिटत गेले तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच. पाच वर्षांना ७ टक्के फ्लॅट म्हणजे आपल्या नेहमीच्या घटत्या शिलकीच्या हिशोबानं जवळपास साडेबारा. बँकेचा मॅनेजर गिऱ्हाईक, उधारीवर फवारणीचं औषध नेणारा. त्यानंच कागद मांडून दाखवलं.

पाडव्याच्या दिवशी डिलिव्हरी. शोरूमबाहेर तीस-चाळीस गाड्या, सगळ्यांना रिबिनी, झेंडूच्या माळा. गुरुजी एका गाडीवरून दुसऱ्या गाडीकडं पळत होते. अकराच्या आत गाडी बाहेर काढा, मुहूर्त टळेल, अशी घाई. दहा-बारा ठिकाणी सह्या घेतल्या. गाडी उन्हात उभी करून सावकाश बघावी, चाकं बघावीत, चासी नंबर ताडून पाहावा, असं सुचलंसुद्धा नाही. नारळ फोडला, मोठ्या गत्त्याच्या किल्लीसोबत फोटो काढला, निघालो. खरं तर हे सगळं दोन दिवस आधी यार्डात जाऊन, नोंदणीचे कागद आरटीओकडं जाण्याआधी करायचं असतं. एकदा गाडी आपल्या नावावर चढली की बदलून मागणं फार अवघड जातं.

जूनमध्ये पेरणीच्या गडबडीत पाथरी रस्त्यावर पंक्चर झालं. दुकानातल्या पोरानं चाक काढलं, पाणी मारलं आणि विचारलं, "मालक, गाडी नवी म्हणता, टायर तर मागच्या सालचं हाय की." टायरच्या कडेला लांबट चौकटीत चार आकडे होते, ३४२४. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन साल. २०२४ चा चौतिसावा आठवडा, म्हणजे ऑगस्ट. आता टायर गाडीपेक्षा महिना-दोन महिने जुनं असणं साहजिक आहे, तेवढ्यावरून काही ठरत नाही. पण घरी येऊन आरसी काढली. पोस्टानं आलेली, पाकिटातून एकदाही न काढलेली. उत्पादन महिना-साल, ०९/२०२४. चासी नंबरचं दहावं अक्षर आर. ते अक्षर सालाचं असतं. २०२४ ला आर, २०२५ ला एस. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, उत्पादनाचा महिना आणि साल छापलेलं असतंच. माझ्या फाईलमध्ये तो कागद पहिल्या दिवसापासून होता.

सहा महिने गाडी यार्डात उभी राहिली म्हणून ती वाईट होत नाही. पण विकायला काढली की भाव सालावर ठरतो. आणि मागच्या सालचा माल काढायला शोरूम स्वतःहून मोठी सूट देतात. नांदेडच्या माझ्या मेहुण्यानं जानेवारीत हेच मॉडेल २०२४ चं आहे हे समजून-उमजून घेतलं, सव्वा लाख कमी करून. मला तोच माल नवा म्हणून पंचेचाळीसमध्ये दिला.

शोरूमला गेलो तर परतूरचा पोरगा नोकरी सोडून गेलेला. मॅनेजर म्हणाला, "सर, तुम्ही उत्पादनाचं साल विचारलंच नव्हतं." मी बुकिंगचा फॉर्म पुढं केला. त्यावर पेनानं लिहिलेलं, मॉडेल २०२५. यावर तो म्हणाला, "ते नोंदणीचं साल." फॉर्मवर रंगाचा रकाना आहे, मॉडेलचा आहे, उत्पादन सालाचा रकानाच नाही. बरं, मागच्या सालची गाडी विकणं गुन्हा नाही. ती न सांगता, वर २०२५ लिहून विकली, एवढंच माझं भांडण आहे.

जुलैत चार दिवस झडीचा पाऊस लागला आणि पाचव्या दिवशी गाडी चालूच होईना. बॅटरी रात्रीत उतरलेली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं उघडून दाखवलं. स्क्रीन आणि कॅमेऱ्यासाठी मूळ वायरिंग कापून, नुसतं पीळ देऊन वर टेप गुंडाळलेली. वायरिंगची वॉरंटी नाकारली. "हे काम तुमच्याच शोरूमनं केलंय," म्हटलं तर म्हणाले, बिल दाखवा. कोऱ्या चिठ्ठीला बिल कोण म्हणणार?

पुढं २२ सप्टेंबरला जीएसटी उतरला आणि मोठ्या एसयूव्हीवरचा सेससकट ५० टक्क्यांचा बोजा ४० वर आला, ही गाडी त्यामुळं पुन्हा स्वस्त झाली. त्याबद्दल माझी कुणावर तक्रार नाही. ते नशीब.

ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ ला, फोन केला. शोरूमनं तीन मोफत सर्व्हिसिंग देऊ केल्या, सोबत आता काही तक्रार नाही असं लिहून मागितलं. पुन्हा लिंकिंगच! सही केली नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, संभाजीनगरला खेटे घालावे लागत नाहीत. दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो. दहा ते वीस लाखांच्या व्यवहाराला फी ४०० रुपये. परभणीच्या ग्राहक आयोगात अर्ज दिला. वकील म्हणतात, सालाच्या मुद्द्यावर बुकिंग फॉर्म आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज कामाला येतील. बासष्ट हजारांचं विसरा.

तारखेला गाडी घेऊनच जाणार आहे. पंक्चरवाल्या पोराला सोबत चल म्हटलं, तर तो म्हणाला, हंगामात दुकान बंद ठेवायला परवडत नाही.