हंगेरियनमधून समजावलेली इंग्रजी फ्रेझल व्हर्ब : एका मार्गदर्शिकेचा वापरानंतरचा अनुभव

बुडापेस्टमधील आमच्या कार्यालयात हंगेरियन सहकाऱ्यांसाठी आठवड्यातून एकदा इंग्रजी संभाषणाचा वर्ग भरतो आणि त्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. गेले अनेक महिने या वर्गात मी एकच मार्गदर्शिका वापरते आहे. इंग्रजीतील फ्रेझल व्हर्ब, म्हणजे 'गिव्ह अप'सारखी, क्रियापदाला छोटा शब्द जोडून वेगळा अर्थ देणारी रूपे, आणि वाक्प्रचार हंगेरियन भाषकांना त्यांच्याच भाषेतून समजावून देणारी ही पुस्तिका एका स्थानिक शिक्षिकेने आपल्या विद्यार्थ्यांसाठी तयार केलेली असून ती दुकानात विकत मिळत नाही. तरीही तिच्याविषयी मराठीत सविस्तर लिहावेसे वाटते, कारण परक्या भाषेचा अवघड भाग शिकणाऱ्याच्या मातृभाषेपासून सुरू केला तर किती सोपा होतो, हे मला इंग्रजीच्या इतर कोणत्याही पुस्तकात इतक्या स्पष्टपणे दिसलेले नाही.

बहुतेक पुस्तके 'गेट', 'पुट', 'टेक' अशी क्रियापदे घेऊन त्यांच्यापुढे अर्थांच्या याद्या देतात आणि विद्यार्थी त्या पाठ करून विसरतात. ही पुस्तिका हंगेरियन क्रियापदांच्या उपसर्गांपासून सुरू होते. हंगेरियनमध्ये या उपसर्गांना 'इगेकोतो' म्हणतात. 'फेल' म्हणजे वर, 'ले' म्हणजे खाली, 'कि' म्हणजे बाहेर, 'बे' म्हणजे आत, आणि हे शब्द क्रियापदाला जोडले की दिशेच्या अर्थापासून दूर जाऊन नवा अर्थ तयार होतो. 'ऑद' म्हणजे देणे, 'फेलॉद' म्हणजे प्रयत्न सोडून देणे. म्हणजे इंग्रजीतील 'गिव्ह अप' जशाचा तसा. 'नेझ' म्हणजे पाहणे, 'लेनेझ' म्हणजे एखाद्याला तुच्छ लेखणे, आणि इंग्रजीत त्यासाठी 'लुक डाउन ऑन' आहे. फोन करण्याला 'फेलहीव' म्हणतात आणि तिथेही 'कॉल अप'शी सांधा जुळतो. हंगेरियन ही युरालिक कुळातील भाषा असून इंग्रजीशी तिचे कुळाचे नाते नाही, त्यामुळे ही साम्ये पहिल्या धड्यात एकापाठोपाठ एक दिसू लागली तेव्हा वर्गातील वयाने मोठ्या सहकाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. त्यांच्यापैकी काहींच्या शाळेत १९८९पर्यंत रशियन सक्तीची होती आणि इंग्रजी त्यांच्या वाट्याला फार उशिरा आली. ज्या गोष्टीची धास्ती वाटते ती आपल्या भाषेत आपण लहानपणापासून करत आलो आहोत, ही जाणीव त्यांच्यासाठी फार मोलाची होती.

साम्य दाखवून ही पुस्तिका थांबत नाही, म्हणून मी तिला मानते. प्रत्येक जोडीपुढे समासात एक खूण आहे : अर्थ पूर्ण जुळतो, अर्धा जुळतो, की फसवतो. फसव्या जोड्यांचे प्रकरण सर्वांत मोठे आहे आणि आमच्या वर्गाला सर्वांत जास्त उपयोग त्याचाच झाला. 'उतानॉनेझ' या क्रियापदात 'नंतर' आणि 'पाहणे' हे दोन्ही घटक आहेत, म्हणून हंगेरियन माणूस सहजपणे 'लुक आफ्टर' म्हणतो. परंतु त्याला म्हणायचे असते की मी या प्रकरणाची माहिती काढून पाहतो, म्हणजे 'लुक इंटू'. आमच्या कामात हा फरक किरकोळ नाही. ग्राहकाच्या तक्रारीला उत्तर देताना 'आय विल लुक आफ्टर इट' असे लिहिले की समोरचा माणूस समजतो की आता सगळी जबाबदारी यांनी घेतली, आणि प्रत्यक्षात लिहिणाऱ्याने केवळ चौकशीचे आश्वासन दिलेले असते. 'कितॉलाल'चेही तसेच आहे. त्याचे घटक 'बाहेर' आणि 'सापडणे' असे असले तरी त्याचा अर्थ मनाने रचणे किंवा अंदाजाने ओळखणे असा होतो, तर 'फाइंड आउट'साठी 'मेगतुद' हे वेगळेच क्रियापद लागते. दिव्याच्या बाबतीत हंगेरियन भाषक 'वर' आणि 'खाली' हे उपसर्ग वापरतो, त्यामुळे दिवा बंद करा असे सांगताना तो 'टर्न डाउन' म्हणून जातो आणि ऐकणारा इंग्रज प्रकाश मंद करतो. 'तू छान दिसतेस' या अर्थी 'यू लुक आउट वेल' हे वाक्य तर इथल्या इंग्रजीच्या शिक्षकांना चांगलेच परिचयाचे आहे, कारण हंगेरियनमध्ये दिसण्यासाठी 'किनेझ' म्हणतात.

वाक्यरचनेचे प्रकरण आटोपशीर आहे, पण अचूक आहे. हंगेरियन उपसर्ग साध्या विधानात क्रियापदाच्या आधी जोडून येतो आणि नकार आला की सुटून मागे जातो. इंग्रजीत नकाराने काही हलत नाही. तिथे 'टर्न ऑफ'सारख्या जोड्यांत सर्वनाम आले की ते मध्येच बसवावे लागते, म्हणजे 'टर्न इट ऑफ' म्हणायचे, 'टर्न ऑफ इट' नव्हे. शिवाय हंगेरियनमध्ये 'सोडून दिलेस का?' या प्रश्नाला नुसत्या उपसर्गाने, म्हणजे 'फेल' एवढे म्हणून, होकार देता येतो. इंग्रजीत नुसते 'अप' म्हणून चालत नाही, हे सांगावे लागते आणि पुस्तिकेने ते सांगितले आहे.

'मेग' या उपसर्गावरचा भाग मराठी वाचकांना विशेष भावेल. त्याला आज दिशेचा अर्थ उरलेला नाही. तो क्रिया पुरी झाल्याचे सांगतो. 'ईर्तॉम' म्हणजे मी लिहीत होतो किंवा लिहिले, आणि 'मेगईर्तॉम' म्हणजे लिहून टाकले. इंग्रजीत याला एकच ठरलेला जोडीदार नाही. कुठे 'ईट अप'मधला 'अप' येतो, कुठे काळ बदलतो, कुठे काहीच येत नाही. आपण मराठीत 'खाऊन टाकणे', 'वाचून काढणे', 'करून ठेवणे' यांतून जे साधतो, ते हंगेरियन उपसर्गातून साधते आणि इंग्रजी कधी शब्दाने, तर कधी काळ बदलून साधते. हंगेरीत राहून तिथली भाषा शिकू पाहणाऱ्या मराठी माणसाने हा भाग उलट दिशेने वाचला तरी त्याला पुष्कळ मिळेल. आपल्या शाळांतील मुलांसाठी अशीच एक पुस्तिका 'टाकणे', 'काढणे', 'बसणे' यांच्यापासून सुरुवात करून कोणीतरी लिहावी, असे मला मनापासून वाटते. आपली मुले 'पुट ऑफ' टाळून 'पोस्टपोन' आणि 'पुट अप विथ' टाळून 'टॉलरेट' म्हणतात, आणि नेमकी हीच सवय मला बुडापेस्टमध्येही आढळते.

वाक्प्रचारांचा उत्तरार्ध मात्र पूर्वार्धाच्या तोलाचा नाही. तिथे यादीची जुनी पद्धत परत आली आहे. एका दगडात दोन पक्षी मारण्याला हंगेरियनमध्ये एका फटक्यात दोन माश्या मारणे म्हणतात, न कळणाऱ्या भाषेला इंग्रज ग्रीक म्हणतो तर हंगेरियन चिनी म्हणतो, अशा जोड्या वाचताना छान वाटतात. पण कोणता वाक्प्रचार कोणासमोर वापरावा हे कळत नाही. 'किक द बकेट'पुढे केवळ 'मेगहॉल', म्हणजे मरणे, हा साधा शब्द दिला आहे. वास्तविक हंगेरियनमध्ये 'किल्ली जमा केली' हा तितकाच हलकाफुलका वाक्प्रचार आहे आणि तो दिला असता तर कोणीही हा प्रयोग सांत्वनाच्या पत्रात करणार नाही, हे आपोआप स्पष्ट झाले असते. मुसळधार पावसासाठी 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' हा मांजरे-कुत्र्यांचा वाक्प्रचार दिला आहे, मात्र रोजच्या बोलण्यात 'इट्स पोअरिंग' अधिक सहज येते, याची नोंद नाही.

या भागातील एक नोंद मात्र मला फार आवडली. मोठ्या नुकसानीनंतर धीर देताना हंगेरियन माणूस म्हणतो की मोहाचला याहून अधिक गमावले होते. १५२६मध्ये मोहाचच्या लढाईत तुर्की सुलतान सुलेमानच्या सैन्यापुढे हंगेरीचा पराभव झाला आणि राजा दुसरा लुई मृत्युमुखी पडला. पुस्तिका इथे शब्दशः भाषांतर करू नका असे बजावते आणि 'इट्स नॉट द एंड ऑफ द वर्ल्ड' हा पर्याय देते. पानिपताचे नाव घेऊन बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना या सूचनेचे मर्म वेगळे सांगावे लागत नाही.

दोन उणिवा राहतात. वर्णानुक्रमे सूची नसल्यामुळे एखादे क्रियापद पुन्हा शोधायला वेळ लागतो. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे : आघाताच्या खुणा कुठेही नाहीत. हंगेरियनमध्ये आघात नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडतो, म्हणून आमचे सहकारी 'गिव्ह इट अप' म्हणताना 'गिव्ह'वर जोर देतात, तर इंग्रजीत तो 'अप'वर पडायला हवा. 'ब्रेकडाउन' हे नाम असेल तर पहिल्या भागावर आणि क्रियापद असेल तर 'डाउन'वर आघात येतो, हा भेदही छापलेल्या पानावरून समजत नाही. वर्गातील प्रतींवर आम्ही आता पेन्सिलीने आघातचिन्हे करतो आणि प्रत्येक फ्रेझल व्हर्ब मोठ्याने म्हटल्याशिवाय पुढच्या जोडीकडे वळत नाही. पुढील आवृत्तीत ही चिन्हे छापली जावीत, असे पत्र मी लेखिकेला पाठवले आहे.