क्यूएमू: मोठ्या सर्व्हरच्या मेमरीच्या चाचण्या लॅबमधल्या पीसीवर

दोन सॉकेटचा (दोन प्रोसेसर बसणारा) सर्व्हर, एनव्हीडिम (लाइट गेली तरी डेटा राखणारी मेमरी), सीएक्सएल कार्ड (प्रोसेसरला जादा मेमरी जोडून देणारं) यांतलं काही कोल्हापुरातल्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये सहसा नसतं. ऑप्टेन या अशाच डेटा टिकवणाऱ्या मेमरीचा धंदा तर इंटेलने २०२२ मध्येच गुंडाळायला घेतला. तरीही लिनक्सच्या मेमरी व्यवस्थापनावर प्रोजेक्ट करणाऱ्यांनी विषय बदलायची गरज नाही. फाब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये सुरू केलेला क्यूएमू हा फुकट इम्युलेटर (सॉफ्टवेअरमध्ये अख्ख्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) यातलं बहुतेक हार्डवेअर उभं करून देतो. आमचं मत स्पष्ट आहे: कोड बरोबर चालतो का हे पाहायला याच्याइतकं चांगलं साधन नाही, पण तो किती वेगाने चालतो हे याच्यावर मोजू नये.

८ जीबी रॅमचा पीसी पुरतो, १६ असेल तर निवांत. असेंबल केलेल्या मशीनवर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बऱ्याचदा बंद असतं, ते आधी चालू करा आणि युजरला केव्हीएम (व्हर्च्युअल मशीन थेट खऱ्या प्रोसेसरवर चालवणारी लिनक्सची सोय) ग्रुपमध्ये घाला. नाहीतर सगळं सॉफ्टवेअर इम्युलेशनवर रखडत चालतं.

न्यूमा म्हणजे प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची जवळची मेमरी आणि दुसऱ्याची लांबची, अशी रचना. त्यासाठी प्रत्येक नोडला (अशा एका गटाला) वेगळा मेमरी बॅकएंड, म्हणजे होस्टवरची मेमरी, द्यायचा. सगळ्या नोडची बेरीज एकूण रॅमइतकी भरली नाही तर क्यूएमू सुरूच होत नाही. अंतराच्या तक्त्यात स्वतःच्या नोडला १०, शेजारच्याला न सांगता २० मिळतात. आत, म्हणजे गेस्टमध्ये (क्यूएमूने उभ्या केलेल्या मशीनमध्ये), 'न्यूमासीटीएल' कमांडने तक्ता दिसतो आणि कर्नेल त्यावर विश्वास ठेवून मेमरीची पानं (छोटे तुकडे) कुठे ठेवायची ते ठरवतो. पण २० च्या जागी ८० लिहिलं म्हणून मेमरी हळू होत नाही, खाली रॅम तीच असते. उद्यमनगरातल्या फौंड्रीत पॅटर्नवरून माप कळतं, कास्टिंगची ताकद नाही, तसंच हे.

मेमरी हॉटप्लग, म्हणजे मशीन चालू असताना रॅम जोडणं-काढणं, हा याचा सगळ्यात भरवशाचा भाग. सुरुवातीलाच ४ जीबी रॅम, ४ स्लॉट आणि कमाल १६ जीबी असं सांगून ठेवा. स्लॉट विसरलात तर नंतर काही जोडता येत नाही. क्यूएमूच्या मॉनिटरवर (त्याला कमांड द्यायची जागा) आधी १ जीबीचा बॅकएंड, मग त्यावर पीसी-डिम (रॅमची नकली पट्टी) जोडायचा. आत 'एलएसमेम' चालवलं की १२८ एमबीचे आठ नवे ब्लॉक दिसतात. 'फ्री'मध्ये आकडा वाढला नाही तर ब्लॉक ऑफलाइन आहेत, ते हाताने ऑनलाइन करा. काढायची चाचणी असेल तर 'ऑनलाइन मूव्हेबल'च करा. साध्या ऑनलाइनमध्ये कर्नेल स्वतःची न हलणारी पानं तिथे टाकतो आणि डिम निघत नाही. मॉनिटर मात्र त्याच वेळी एरर दाखवत नाही, कारण काढण्याची विनंती नुसती गेस्टकडे जाते. म्हणून आत जाऊन 'एलएसमेम' पुन्हा बघितल्याशिवाय पास म्हणू नका.

एनव्हीडिमला मशीनमध्ये ती सोय चालू करून, २ जीबीची फाइल बॅकएंड म्हणून द्या आणि 'शेअर' ऑन ठेवा. ते ऑफ राहिलं तर लिहिलेलं फाइलपर्यंत पोचतच नाही, रीस्टार्टनंतर सगळं कोरं. ईएक्सटी४ फाइल सिस्टिम बनवताना ब्लॉक ४ केबीचा स्वतःच ठरवा. छोट्या डिस्कवर तो १ केबी पडू शकतो आणि मग डॅक्स (पेज कॅश टाळून थेट मेमरीवर वाचन-लेखन) माउंट होत नाही.

आता फसगतीची जागा. पावसाळ्यात इथे लाइट जाणं नवं नाही, त्यामुळे क्यूएमूची प्रोसेस मारून 'लाइट गेली' अशी चाचणी करावी असं सहज सुचतं. ही चाचणी चुकीचा दिलासा देते. गेस्टने लिहिलेलं प्रत्येक अक्षर होस्टच्या (खऱ्या पीसीच्या) पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅममधल्या फाइलींच्या प्रतीत, आधीच असतं; प्रोसेस मेली तरी ते फाइलमध्ये सुखरूप उतरतं. खऱ्या हार्डवेअरवर प्रोसेसरच्या कॅशमधून फ्लश न केलेला (मेमरीत न उतरवलेला) डेटा लाइट गेल्यावर हरवू शकतो. म्हणजे फ्लशची सूचना विसरलेला प्रोग्रॅम इथे बिनदिक्कत पास होतो. त्यासाठी व्हॅलग्रिंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या साधनावर आधारलेलं 'पीमेमचेक' वापरा, ते फ्लश न झालेल्या नोंदी दाखवतं.

प्रोसेसरमधल्या नव्या सोयींसाठी उलटं करायचं: केव्हीएम बंद, सॉफ्टवेअर इम्युलेशन चालू, कारण केव्हीएम खऱ्या प्रोसेसरमध्ये नसलेली सोय देऊ शकत नाही. पाच पातळ्यांचं पेजिंग, म्हणजे ५७ बिटचे पत्ते, असंच तपासता येतं. लिनक्समध्ये ते २०१७ साली ४.१४ आवृत्तीत आलं आणि क्यूएमूमध्ये त्याआधीच चालत होतं. आर्म प्रोसेसरचं मेमरी टॅगिंगही (एमटीई, चुकीच्या जागचं वाचन-लेखन पकडणाऱ्या खुणा) मिळतं: 'व्हर्ट' मशीन, 'मॅक्स' सीपीयू आणि एमटीई ऑन. दर १६ बाइटना ४ बिटचा टॅग असतो. टॅग ४ बिटचा असल्याने सोळाच किमती, त्यामुळे शेजारच्या दोन वाटपांना योगायोगाने तोच टॅग पडून चूक निसटू शकते. एकदा पास झालं म्हणून थांबू नका, चाचणी पुष्कळदा फिरवा.

सीएक्सएल सगळ्यात कच्चं वाटतं. डिव्हाइस सापडणं, रीजन (त्या मेमरीचा वापरायचा पट्टा) बनवणं, ती मेमरी सिस्टिम रॅम म्हणून जोडणं हे पाहायला चालतं. पण दर वाचन-लेखन इम्युलेटरमधून जात असल्याने तिथे नेहमीचे प्रोग्रॅम चालवायला जाऊ नका. विंडो (सीएक्सएलसाठी राखलेला पत्त्यांचा पट्टा) आणि डिव्हाइस दोन्हींची साइज २५६ एमबीच्या पटीत ठेवा, आणि पहिल्या चाचणीला एकच डिव्हाइस जोडा, इंटरलीव्ह (मेमरी अनेक डिव्हाइसवर वाटणं) नंतर.