मेलानोमाचा रिपोर्ट: सेंटिनल नोड काढायचा की नाही, हे कोणत्या ओळीवर ठरवाल?

मेलानोमा म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा त्वचेचा कॅन्सर आणि सेंटिनल नोड म्हणजे त्या जागेची लसिका सर्वात आधी जिथे पोचते ती लसिकाग्रंथी. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘क्लार्क लेव्हल ४’ दिसलं की पोटात गोळा येतो, कारण कॅन्सरची चौथी स्टेज सगळ्यांना ऐकून माहीत असते. पण लेव्हल म्हणजे स्टेज नव्हे. गाठ त्वचेच्या कोणत्या थरापर्यंत उतरली, एवढंच १९६९ सालची ही मोजणी सांगते. पापणीची त्वचा कागदासारखी, तळपायाची जाडजूड. थर तोच, खोली निराळी. ब्रेस्लो या पॅथॉलॉजिस्टने १९७० मध्ये सरळ मिलिमीटरमध्ये जाडी मोजली आणि आज वजन त्याच आकड्याला आहे. क्लार्कची ओळ खुशाल सोडून द्या.

जाडीच्या शेजारी वाचायचा शब्द म्हणजे अल्सरेशन, म्हणजे गाठीवरचा त्वचेचा वरचा थर नाहीसा झालेला असणं. समजा, एका रिपोर्टमध्ये ०.७ मिमी आणि अल्सरेशन आहे, दुसऱ्यात ०.९ मिमी आणि अल्सरेशन नाही. पहिला बरा वाटतो ना? २०१८ पासून लागू असलेल्या वर्गीकरणात दोन्ही टी१बी (‘टी’ म्हणजे मूळ गाठीची पायरी). तोच ०.७ अल्सरेशनशिवाय असता तर टी१ए. हे अल्सरेशन सूक्ष्मदर्शकाखाली ठरतं, डोळ्यांना जखम दिसलीच पाहिजे असं नाही.

टी१ए असेल तर नोडमध्ये आजार सापडण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी, म्हणून सहसा नोड काढत नाहीत. टी१बी म्हणजे साधारण ५ ते १० टक्के. इथेच खरी घालमेल. १ मिमीच्या वर डॉक्टर स्वतःहून सुचवतात. नोड काढल्याने आयुष्य वाढतं असं मोठ्या चाचणीत दिसलेलं नाही. मिळते ती माहिती, आणि नोड पॉझिटिव्ह निघाला तर इम्युनोथेरपीसारख्या पुढच्या औषधांची चर्चा सुरू होते. किंमत म्हणजे आणखी एक टाका, कधी जखमेत पाणी साचणं, क्वचित हातापायाला सूज.

मायटोसिसचा, म्हणजे विभागत असलेल्या पेशींचा, आकडा आता टी ठरवत नाही. तरी टी१एमध्ये तो चढा असेल आणि वय कमी असेल तर मी नोडबद्दल विचारल्याशिवाय उठणार नाही. रिग्रेशन (गाठीचा काही भाग आपोआप विरणं), लिम्फोसाइट्स (गाठीत शिरलेल्या प्रतिकारक पेशी) यांवर निर्णय अडवू नका. मायक्रोसॅटेलाइट्स, म्हणजे मूळ गाठीजवळ सुटे पडलेले कॅन्सरचे सूक्ष्म पुंजके, मात्र वेगळेच: ते असले की जाडी कितीही कमी असो, स्टेज तिसरी.

आपल्याकडे मेलानोमा बरेचदा तळपायावर किंवा नखाखाली निघतो. मोठ्या डागातून छोटा पंच (गोल तुकडा) घेतला असेल तर सर्वात जाड जागा निसटू शकते. ‘खोल कड पॉझिटिव्ह’, म्हणजे तुकड्याच्या तळाशीही कॅन्सर, असं लिहिलं असेल तर ०.८ म्हणजे ‘निदान ०.८’. पूर्ण डाग काढून केलेल्या बायोप्सीतला आकडा जास्त भरवशाचा. शंका असेल तर स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला नमुना) घेऊन त्वचेच्या कॅन्सरचा सराव असलेल्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा.

हे सगळं रुंद मार्जिनची, म्हणजे आजूबाजूची निरोगी त्वचाही काढणारी, शस्त्रक्रिया होण्याआधी विचारा. सेंटिनल नोड त्याच वेळी काढतात. नंतर लसिकावाहिन्यांची वाट बदललेली असू शकते आणि नेमका नोड शोधणं अवघड जाऊ शकतं.