गाठ विरघळवायच्या कोर्सच्या नावाखाली माझ्या ताईला फसवलं, वाचा आणि घरातल्या बायकांना सांगा

सविस्तर लिहितेय कारण ती जाहिरात नाव बदलून अजून चालूच आहे.

ताई 43 वर्षांची, केज तालुक्यात राहते. पाळीत प्रचंड अंगावरून जायचं, गुठळ्या पडायच्या, सोनोग्राफीत फायब्रॉइडच्या, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूत वाढणाऱ्या, दोन गाठी निघाल्या. गावात पहिला सल्ला काय मिळाला तर गर्भपिशवी काढून टाक. आता आमच्या बीड जिल्ह्यात पिशवी काढणं म्हटलं की बाईच्या पोटात गोळाच येतो, 2019 ला सरकारी समितीने ऊसतोड बायकांची पाहणी केली तेव्हा 82 हजारांवर बायकांत 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली होती. ही भीती या लोकांना बरोबर ठाऊक आहे. फेसबुकवर जाहिरात, "ऑपरेशन नको, पिशवी वाचवा, 90 दिवसांत गाठ विरघळणार, गॅरंटी".

फॉर्म भरला की लगेच फोन. पलीकडे "डॉक्टर मॅडम", ताई ताई करत गोड बोलणारी. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर मागवला आणि पहिलं काम काय केलं तर कॅन्सरची भीती घातली. अहो फायब्रॉइड ही कॅन्सरची गाठ नसते, त्यात कॅन्सर निघणं अगदी क्वचित, पण घाबरलेल्या बाईला हे कोण सांगणार. साडेनऊ हजार घेतले, मग "बूस्टर"चे अजून सात हजार, सगळे कुणा माणसाच्या वैयक्तिक खात्यावर. डबा आला त्यावर ना लायसन्स नंबर, ना बॅच नंबर, ना कुठे बनवलं त्याचा पत्ता. मी आयुर्वेदाला नावं ठेवत नाहीये, नाडी बघून, तपासून औषध देणारे वैद्य वेगळे आणि फोनवरून डबे विकणारे हे लोक वेगळे.

सगळ्यात भयंकर म्हणजे डॉक्टरांनी पाळीत रक्तस्राव कमी करायला दिलेल्या ट्रॅनेक्झॅमिकच्या गोळ्या यांनी बंद करायला लावल्या. मग व्हायचं तेच झालं, अंगावरून जाणं दुपटीने वाढलं. ताईने घाबरून पॅडचा फोटो पाठवला, त्यावर लिंबाएवढी गुठळी. उत्तर आलं, "अभिनंदन ताई, गाठ तुटून बाहेर पडतेय 🙏". मेसेज मी स्वतः वाचलाय. फायब्रॉइड पिशवीच्या स्नायूचा असतो, पावडर खाऊन तो असा तुटून वाहून जात नाही, ते नुसतं साकळलेलं रक्त होतं.

पुढे दुसरी सोनोग्राफी करायला सांगितली आणि म्हणे 6 सेंटीमीटरची गाठ 2 वर आली, आता शेवटचा कोर्स घ्या. ताई आनंदाने रडली फोनवर. मी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून वाचले तर दोन्हीत दोन गाठी, एक 6.2 ची, एक 2.1 ची, फक्त दुसऱ्या सेंटरवाल्याने छोटी आधी लिहिली होती. गाठ तसूभरही हललेली नव्हती.

तोवर ताईला जिना चढताना धाप लागायला लागली होती. लातूरला एका स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडे नेलं, हिमोग्लोबिन 6.1. रक्त चढवावं लागलं, नंतर आयर्नची सलाईनं. त्या मॅडमनी रिपोर्टवर पेनाने चित्र काढून दाखवलं की मोठी गाठ पिशवीच्या बाहेरच्या अंगाला आहे, तिचा रक्तस्रावाशी फारसा संबंध नाही, छोटी आतल्या अस्तराला टेकलीय, ती सगळा त्रास देतेय. दुर्बिणीने खालच्या वाटेने ती काढली, पोटावर टाका नाही, मोठी तशीच ठेवून लक्ष ठेवायचं कारण पाळी गेल्यावर अशा गाठी बहुतेक वेळा आक्रसतात.

मॅडमनी बाकी पर्यायही सांगितले. मिरेना, म्हणजे रक्तस्राव कमी करणारी हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू, पिशवीत बसवता येते पण गाठीने आतली जागा वाकडी झाली असेल तर ती नीट बसत नाही. पाळी तात्पुरती बंद करणारी इंजेक्शनं असतात, गाठ लहान होते पण थांबवली की परत वाढते, म्हणून ती जास्त करून ऑपरेशनआधी. मूल हवं असेल तर नुसती गाठ काढतात. मोठ्या शहरात नळी घालून गाठीचं रक्त तोडतात, एम्बोलायझेशन म्हणतात. आणि काही जणींना पिशवी काढणंच योग्य असतं, पण तेही सगळं समजून, कुणी उद्याच या म्हटलं म्हणून नाही.

बरं, पाळीच्या तक्रारी आणि गर्भाशयाचे आजार बरे करतो अशी औषधाची जाहिरात करायलाच 1954 च्या कायद्याने बंदी आहे, चमत्कारी औषधांच्या जाहिरातींचा कायदा तो. एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे, तक्रार करता येते, आम्ही केलीय, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि डब्याचे फोटो जोडून. पैशाचं म्हणाल तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला पण उशीर झाला होता, ताईचे पैसे पुढे दुसऱ्या खात्यात गेलेले. कुणी आत्ताच पैसे भरले असतील तर आधी 1930 लावा, चॅट डिलीट करू नका, आणि डॉक्टरांच्या गोळ्या असल्या लोकांच्या सांगण्यावरून बंद केल्या असतील तर आजच त्या डॉक्टरांना फोन करून विचारा.